तापली की बंद, चहा झाला की सुरू: कोकणच्या आडवाटांवर पद्मिनी का रुसते

लक्षण जुन्या गाडीवाल्यांच्या चांगल्याच ओळखीचं आहे. सकाळी अलिबागहून निघालेली फियाट किंवा पद्मिनी काशिद, मुरुडपर्यंत झक्क चालते. आगरदांड्याला जेट्टीवर रांग असते, म्हणून इंजिन बंद करून सगळे खाली उतरतात. बोट लागते, पुढच्या गाड्या हलतात आणि आपली गाडी सेल्फला नुसती गरगरते. मागून हॉर्न सुरू होतात. चार जण ढकलून तिला कडेला घेतात, कोणीतरी टपरीवरून चहा आणतं, आणि चहा संपेस्तोवर गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू होते. संध्याकाळी श्रीवर्धनच्या अलीकडे पुन्हा तेच. अॅम्बेसेडर आणि जुन्या पेट्रोल जीपवाल्यांनीही पुढचं वाचायला हरकत नाही, रोग तोच आहे.

घोळ खरं तर त्या चहाने होतो. तापल्यावर बंद पडण्याची जेवढी म्हणून कारणं आहेत, ती जवळजवळ सगळी अर्ध्या तासात आपोआप बरी होतात. पंपात धरलेली वाफ निवते, प्लगच्या ठिणगीसाठी करंट वाढवणारी कॉइल थंड होते, तिच्या जोडीचा कंडेन्सर तात्पुरता शुद्धीवर येतो, टाकीत तयार झालेली पोकळी हळूहळू भरते, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये सांडलेलं पेट्रोल उडून जातं. तेवढ्या वेळात एकाने पॉइंटला, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांना, पॉलिश पेपर मारलेला असतो, दुसऱ्याने पंपावर ओला रुमाल टाकलेला असतो, तिसऱ्याने प्लग काढून परत बसवलेले असतात. गाडी सुरू झाली की श्रेय तिघेही घेतात. पुढच्या सहलीला गाडी पुन्हा बंद पडते आणि वाद तिथूनच पुढे चालू होतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पुरावा फक्त पहिल्या पाच मिनिटांत असतो. गाडी गरम आहे आणि रोग अजून अंगात आहे, तोवरच तपासायचं. त्यानंतर खुशाल चहा प्या.

आणि एका वेळी एकच गोष्ट थंड करायची. पंपावर आणि कॉइलवर एकदम ओली फडकी टाकली तर गाडी सुरू होईल, पण कोणामुळे झाली हे देवालाच ठाऊक.

आधी थोडं आत काय होतं ते

पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. टाकी मागे आणि पेट्रोल ओढणारा पंप पुढे, इंजिनच्या अंगालाच बोल्टने बसवलेला. आपले मेकॅनिक त्याला एसी पंप म्हणतात, त्याचा एअर कंडिशनरशी काही संबंध नाही. इंजिनातल्या फिरत्या कॅमशाफ्टवरून त्याचा दांडा हलतो, आतला रबरी डायफ्राम खालीवर होतो आणि मागून पेट्रोल ओढलं जातं. त्या काळच्या बहुतेक गाड्यांची रचना अशीच होती.

म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची अख्खी नळी ओढीखाली असते. तिथे दाब कमी, आणि दाब कमी झाला की कोणताही द्रव लवकर उकळतो. पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण, त्यातले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उडायला लागतात. मे महिन्यात किनाऱ्यावर हवाच ३३-३४ अंशांवर असते, बोनेटखाली तर विचारूच नका. नळीत वाफ झाली की पंप ती नुसती दाबतो आणि सोडतो, पेट्रोल पुढे सरकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. कोकणात जुने ड्रायव्हर सरळ ‘पंपाने हवा धरली’ म्हणतात, आणि कित्येकदा ते शब्दशः खरं असतं. त्यावर पुढे येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतलीत तर निम्मी सहल सुखाची होईल. इंजिन बंद केल्यावर बोनेटखालचं तापमान लगेच उतरत नाही, आधी चढतं. पंखा थांबलेला, पाणी फिरायचं थांबलेलं, आणि बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) त्या गोळ्यातली उष्णता शेजारच्या पंपात आणि कार्बोरेटरमध्ये शिरत राहते. साधारण दहा ते वीस मिनिटं हा चढ चालू असतो. आता दाभोळ-धोपावे फेरी आठवा. दापोलीकडून वळणं घेत, ब्रेक आणि क्लच तापवत खाली यायचं, उन्हात रांगेत थांबायचं, बोटीवर इंजिन बंद करायचं, खाडी ओलांडायची आणि पलीकडे उतरल्या उतरल्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, जाणारा चढ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घ्यायचा. गाडी छळायला यापेक्षा चांगली योजना ठरवून आखता येणार नाही. वेशवी-बागमांडला आणि तवसाळ-जयगडलाही कमीअधिक हाच प्रकार. उलट दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनचा रस्ता समुद्राला चिकटून जातो, समोरून वारा असतो आणि वेगही जमतो. तिथे तीच गाडी तक्रार करत नाही. यावरून काही जण ‘गाडीत बिघाड नाहीच, उतारूंचा पायगुण’ अशा निष्कर्षाला येतात.

पहिली पाच मिनिटं

गाडी कशी बंद पडली हे चालवणाऱ्याला विचारा, आणि सगळ्यांनी एकदम बोलायच्या आत विचारा. दिव्याचं बटण दाबावं तशी खाड्कन गेली असेल तर करंटकडे, म्हणजे प्लगच्या ठिणगीकडे, वळा. आधी पिकअप गेला, धक्के मारायला लागली, पाय सोडला की जरा बरी, दाबला की मरते, असं असेल तर पेट्रोल. आणि चालताना काहीच झालं नाही, पण बंद करून परत सुरू होत नाही असं असेल, तर दोन्हीकडे बघावं लागतं.

मग टाकीचं झाकण. हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित. कान जवळ नेऊन झाकण हळू उघडा. ‘स्स्स’ करत हवा आत गेली तर झाकणाचं श्वास घ्यायचं भोक बुजलंय. पेट्रोल जातंय, पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही, म्हणून पंपाला ओढताच येत नाही. तांबडी धूळ आणि पावसाळ्यातला चिखल यांनी ते भोक बुजायला वेळ लागत नाही. आणि दुसऱ्याच गाडीचं, घट्ट बसतं म्हणून लावलेलं झाकण असेल तर त्याला भोक नसण्याचीच शक्यता जास्त. अशा गाडीवर हजारोंचा खर्च करून नवा पंप बसवलेला मी पाहिलाय.

झाकणाने काही सांगितलं नाही तर बोनेट उघडा, एअर क्लीनर काढा, कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने एक्सलेटरची लिंक एकदाच झटक्याने ओढा. सिगारेट विझवलेली असू दे आणि अग्निशामक हाताशी असू दे. आत बारीक पिचकारी उडाली तर फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) पेट्रोल आहे. उडाली नाही तर वाटी कोरडी, म्हणजे पेट्रोल इथवर पोचत नाहीये. पिचकारी उडतेय, शिवाय आत सगळं ओलंचिंब आहे आणि पेट्रोलचा घमघमाट सुटलाय, असं असेल तर रोग उलटा: उष्णतेने वाटीतलं पेट्रोल फसफसून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या नळ्यांत, सांडलंय, इंजिनला जास्त झालंय. अशा वेळी चोक अजिबात ओढायचा नाही, एक्सलेटर तळापर्यंत दाबून तसाच धरायचा, पंपिंग न करता, आणि सेल्फ मारायचा. आठ-दहा सेकंदांत काळा धूर सोडत घेते. लोक नेमकं इथेच धपाधप पाय मारतात आणि उरलंसुरलं पेट्रोलही आत ओततात.

वाटी कोरडी निघाली तर पंपाच्या आधीच्या पारदर्शक फिल्टरकडे बघा. (नसेल तर आजच बसवा, अगदी किरकोळ किमतीला मिळतो.) मी एकदा हर्णै बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर हे नीट पाहिलं. दुसऱ्याने सेल्फ मारला की फिल्टरमध्ये तळापासून सोड्याच्या बाटलीसारखे बारीक बुडबुडे उठत होते, पेट्रोलची पातळी इंचभर चढायची आणि परत बसायची. पंप जिवाच्या आकांताने ओढत होता आणि येत होता नुसता फेस. टाकी तेव्हा पाव भरलेली होती.

फेस दिसला म्हणजे वाफ, असं मात्र लगेच धरू नका. ती बाहेरची हवाही असू शकते. ओढीच्या बाजूच्या रबरी तुकड्याला चीर गेली तर तिथून पेट्रोल गळत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे खाली ओल नाही, वास नाही, आणि सगळे छातीठोकपणे सांगतात की लीक नाही. टाकी भरलेली असताना हे लक्षातही येत नाही. टाकी उतरली आणि चढ लागला की मागची टाकी इंजिनपेक्षा आणखी खाली जाते, पंपाला जास्त उंचीवर ओढावं लागतं, आणि चीर तोंड उघडते. केळशी-आंजर्ल्याच्या बाजूचे छोटे पण उभे चढ ही चूक हमखास पकडून देतात. फरक ओळखायचा तर फक्त पंपावर आणि त्याच्या नळीवर पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि सेल्फ मारा. फेस थांबला तर वाफ होती. तसाच येत राहिला तर गाडीखाली सरपटा आणि टाकीजवळचा रबराचा तुकडा वाकवून बघा. पाणी पंपावरच टाकायचं, धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर ओतायचं नाही. बीड तडकतं.

पेट्रोल व्यवस्थित येतंय असं ठरलं तरच करंट. एअर क्लीनर परत बसवा, सांडलेलं पेट्रोल पुसा, कार्बोरेटरपासून लांबच्या प्लगची वायर काढून तिला हाताशी ठेवलेला जादा प्लग लावा आणि त्याचं अंग इंजिनला टेकवून सेल्फ मारा. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी ठिणगी दिसली तर कॉइलला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर ओलं फडकं आता कॉइलवर. ठिणगी सुधारली तर कॉइल बदलायची. नाही सुधारली तर डिलको (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा डिस्ट्रिब्यूटर) उघडा आणि पॉइंट बघा. जळून काळे पडले असतील तर पॉइंट घासून भागणार नाही, कंडेन्सर बदला. कंडेन्सर फार स्वस्त आणि फार लबाड. थंड असताना ठणठणीत, तापला की गायब. डिकीत दोन ठेवा, आणि जुन्या गाडीवर चाललेला ठेवा. हल्लीच्या नव्या मालावर माझा भरवसा नाही.

खाऱ्या हवेचा वेगळा त्रास आहे. किनाऱ्यावर ठेवलेल्या गाडीच्या कॉइलच्या टोकांवर आणि बॅटरीच्या अर्थिंगच्या पट्टीवर हिरवट-पांढरी बुरशी चढते. तापलं की तिथला विरोध वाढतो आणि सेल्फ जड फिरतो. हे मुक्कामाला रात्री बघायचं काम आहे, जेट्टीवरचं नव्हे.

ताफ्याने जाताना

निम्मा उपाय गाडीत नसून वेळापत्रकात असतो. नव्या गाड्या पुढे पळतात, जुनी मागे धापा टाकत त्यांना गाठायला बघते आणि तापते. जुनी गाडी पुढे घाला. सगळ्यांनी तिच्या चालीने चालायचं, आणि पान्यांची पेटी, जादा सामान, टोचनाची दोरी असलेली गाडी सगळ्यात शेवटी. किनाऱ्याच्या आतल्या रस्त्यांवर फोनची रेंज जाते-येते, तेव्हा ग्रुपवर लोकेशन टाकण्याच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक तिठ्यावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत थांबायचं, एवढा एकच नियम पुरतो.

थांबा चढ संपल्या संपल्या घ्यायचा नाही. सगळ्यांना फोटो नेमके तिथेच काढायचे असतात, कारण खाली खाडी दिसते. चढानंतर एक-दोन किलोमीटर सपाटीवर हलक्या पायाने चालवा, थांबल्यावर मिनिट-दोन मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवा, तोंड वाऱ्याकडे करा, मग बंद करा आणि लगेच बोनेट उघडा. जेट्टीवरही तेच: रांग लांब असेल तर रांगेबाहेर सावलीत थांबून एका माणसाला तिकिटाला पाठवा. बोटीवर माणसं सांगतील त्याच क्रमाने गाडी चढवायची, पण ‘दादा, गाडी जुनी आहे, कडेला घ्या’ एवढं आधीच सांगून ठेवा. ते लोक समजूतदार असतात, दोघं जण ढकलायला येतात. हँडब्रेकवर विसंबू नका, चाकाखाली लाकडाचा ठोकळा द्या. बोट टेकायच्या थोडं आधी बोनेट लावा आणि ओलं फडकं पंपावरून काढा. पंख्यात अडकलेलं फडकं ही स्वतंत्र कहाणी असते.

टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. भरलेल्या टाकीतलं पेट्रोल उशिरा तापतं, चढाला पंपाचं काम हलकं होतं, आणि तळातला गंज वळणावळणाला ढवळून नळीत येत नाही. आतल्या रस्त्यांवर पंप लांब लांब आहेत. मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा गावांत मिळेल तिथे भरून घ्या. प्लास्टिकच्या बाटल्यांतून डिकीत पेट्रोल नेणाऱ्याला ताफ्यात घेऊ नये, अशा मताचा मी आहे.

कायमचा इलाज

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ही गाडी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पेट्रोलमध्ये मिसळल्यावर त्याच पेट्रोलची वाफ व्हायची ओढ वाढते. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि चढाला गाडी ओढत नाही. मेन जेट एक नंबर मोठा घालून बघा आणि नंतर प्लगचा रंग तपासा. पांढरट प्लग म्हणजे अजून पातळ, विटकरी तपकिरी म्हणजे बरोबर. जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि आतून चिकट होतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे आणि पंपाचा डायफ्राम एकदमच बदला, आणि घेताना इथेनॉलला टिकणारं रबर मागा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, पाणी तळाशी बसतं. कोकणच्या पावसाळ्यानंतर पहिल्या सहलीआधी टाकी तळातून काढून काचेच्या बरणीत बघणं शहाणपणाचं.

नळी एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर ती लांबून वळवा. जमत नसेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा द्या, नळीला चिकटवून नाही, मध्ये बोटभर हवा ठेवून. कार्बोरेटरच्या तळाशी बॅकेलाइटचा जाड स्पेसर असतो. कित्येक गाड्यांत तो कोणीतरी केव्हातरी काढून नुसतं कागदी गॅस्केट लावलेलं असतं. तो परत मिळवा. पुढची पायरी म्हणजे परतीची नळी: कार्बोरेटरच्या अलीकडून एक बारीक फाटा काढून, त्यात १ ते १.५ मिलिमीटरचं भोक असलेला तुकडा घालून पेट्रोल परत टाकीत न्यायचं. पेट्रोल फिरत राहतं, पंपात बसून तापत नाही, आणि झालेली वाफही मागे निघून जाते. माझ्या मते हाच सगळ्यात चांगला इलाज, आणि बाहेरून बघणाऱ्याला दिसतही नाही.

इलेक्ट्रिक पंप बसवायचा असेल तर टाकीजवळ, खाली. असे पंप ढकलायला बरे, ओढायला नाहीत. कार्बोरेटरचा, कमी दाबाचा, २-३ पीएसआयचाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीतला काढलेला पंप लावलात तर कार्बोरेटरची नीडल (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) त्या दाबापुढे टिकणार नाही आणि पेट्रोल गरम इंजिनवर वाहील. फ्यूज आणि रिले घाला, आणि ऑइलचा दाब गेला की पंप बंद होईल असा स्विच घाला, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल ओतत राहणार नाही.

एक बारकावा राहिला. जुना पंप ठेवून त्याच्या खाली उष्णता अडवायला जाड पॅकिंग घालण्याची युक्ती पुष्कळ जण करतात. पॅकिंग जितकं जाड, तितका पंपाचा दांडा कॅमपासून दूर जातो आणि डायफ्राम कमी हलतो. गाडी मोकळ्या रस्त्यावर बरी चालते, पण चढाला भरल्या लोडवर पेट्रोल पुरत नाही, आणि लक्षण अगदी व्हेपर लॉकसारखं दिसतं, फक्त ओल्या फडक्याला दाद देत नाही. तसं वाटलं तर पॅकिंग काढून मूळ जाडीचं घाला आणि तोच चढ पुन्हा घेऊन बघा.